एस्प्रेसोची चव सुधारताना: आधी प्रमाण, मग दळण

एस्प्रेसो आंबट किंवा कडू उतरली की बहुतेक जण लगेच ग्राइंडरच्या सेटिंगला हात घालतात आणि पुढचा कप २५ ते ३० सेकंदांत भरतो की नाही, हे पाहत राहतात. मला हा क्रम पटत नाही. ग्राइंडरने प्रवाह एकदा ढोबळमानाने जागेवर आणला की चव सुधारण्याचे पहिले साधन म्हणजे कोरड्या कॉफीच्या वजनाशी उतरलेल्या पेयाच्या वजनाचे प्रमाण होय. किती सेकंद लागले हा दळण, वजन आणि दाब यांच्या मेळातून निघणारा परिणाम आहे, आणि परिणामालाच ध्येय मानले की चवीकडे दुर्लक्ष होते.

सुरुवातीसाठी १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅम पेय, पाणी साधारण ९३ अंश सेल्सिअस आणि दाब ९ बार, हे आकडे सोयीचे आहेत. हा दाब कॉफीच्या इतिहासात तसा उशिराच आला. इटलीत आकिले गॅजिया यांच्या तरफेच्या यंत्रांनी १९४८ च्या सुमारास वाफेऐवजी स्प्रिंगच्या जोरावर पाणी ढकलले आणि पेयावर दाट क्रेमा, म्हणजे तपकिरी फेसाचा थर, दिसू लागला. पुढे १९६१ मध्ये आलेल्या फाएमा ई६१ या यंत्राने विजेच्या पंपाने सुमारे ९ बारचा सलग दाब देण्याची रीत रुजवली. क्रेमा म्हणजे मुख्यतः बियांमध्ये साठलेल्या कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे असल्यामुळे ताज्या कॉफीचा कप भरलेला दिसतो, पण त्यात प्रत्यक्ष पेय कमी असते. म्हणून पेय मिलिलिटरमध्ये मोजू नये; कपाखाली ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा ठेवावा. यंत्रावर आणखी खर्च करण्याआधी हा काटा घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रमाण बदलल्याने चव का बदलते, हे समजून घेण्याचा एक उत्तम प्रयोग आहे. एकच एस्प्रेसो उतरत असताना दर सात-आठ सेकंदांनी खालची वाटी बदलावी आणि प्रत्येक वाटीतला अंश वेगवेगळा चाखावा. पहिल्या वाटीत दाट, तीव्र, आंबट आणि काहीसा खारट लागणारा द्रव असतो, कारण आम्ले आणि सहज विरघळणारी द्रव्ये पाण्यात लवकर उतरतात. मधल्या वाटीत गोडवा जाणवतो आणि चवीला तोल येतो. शेवटची वाटी पातळ, फिकट आणि कडवट असते, तिचा घोट एकटा घेतला तर तो कोणालाही आवडणार नाही. तरीही ती मिसळल्याशिवाय पहिल्या वाटीचा तीव्रपणा सौम्य होत नाही, आणि एस्प्रेसो कोठे थांबवायची हा प्रश्न मुळात या शेवटच्या वाटीतले किती घ्यायचे, एवढाच असतो. हा प्रयोग केलेल्या माणसाला आंबट आणि कडू यांतला फरक पुन्हा शिकवावा लागत नाही, म्हणून नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी तो आधी करायला सांगतो.

त्यामुळे कप आंबट आणि तोकडा लागला, तर दळण तेच ठेवून ३६ ऐवजी ४० किंवा ४२ ग्रॅम उतरवावे. कडू आणि कोरडा लागला, तर ३२ वर थांबवावे. यात एक देवघेव आहे, तीही ध्यानात असावी. ३६ ग्रॅम पेयात विरघळलेली द्रव्ये १० टक्के असतील, तर १८ ग्रॅम कॉफीतून ३.६ ग्रॅम, म्हणजे २० टक्के भाग पाण्यात आला. तीच कॉफी ४२ ग्रॅमपर्यंत नेल्यावर पेयाची तीव्रता ९ टक्क्यांवर आली, तर उतरलेला भाग २१ टक्के होतो. पेय पातळ झाले, पण कॉफीतून अधिक निघाले. हलक्या भाजलेल्या बियांतून द्रव्ये सहज सुटत नाहीत, म्हणून त्यांना कोरड्या कॉफीच्या अडीच ते तीनपट पेय मानवते. गडद भाजलेल्या बियांसाठी दीडपट ते दुप्पट पुरे होते.

दळणाचा विचार यानंतर करावा. बारीक दळले की कणांचे पृष्ठफळ वाढते, पाणी सावकाश जाते आणि अर्क अधिक उतरतो, हे खरे असले तरी त्याला मर्यादा आहे. २०२० मध्ये ‘मॅटर’ या नियतकालिकात कॅमेरॉन, हेंडन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की एका मर्यादेपलीकडे बारीक दळल्यास पाणी दाबून बसवलेल्या कॉफीच्या चकतीच्या काही भागांतून नीट जातच नाही, आणि उतरणारा अर्क वाढण्याऐवजी घटतो. अशा कपाची खूण म्हणजे तो एकाच वेळी आंबट आणि तुरट लागतो: पाण्याने जेथे वाट काढली तेथील कॉफी पिळून निघते आणि बाजूची कॉफी जवळजवळ कोरी राहते. या दोषावर प्रमाण बदलणे हा उपाय नव्हे, आणि आणखी बारीक दळण्याने तर तो वाढतोच. बास्केटमधली, म्हणजे कॉफी भरायच्या जाळीदार भांड्यातली, कॉफी बारीक सुयांनी तळापर्यंत ढवळून गुठळ्या मोडाव्यात, टॅम्पर (कॉफी दाबायचा ठोकळा) पूर्ण सपाट दाबावा आणि तरीही सुधारणा झाली नाही, तर दळण थोडे जाडसर करावे. किती किलोच्या जोराने दाबावे यावर जेवढी चर्चा होते तेवढे त्याला महत्त्व नाही. कॉफी एकदा घट्ट बसली की जास्त जोराने फारसा फरक पडत नाही, पण तिरका दाब मात्र हमखास नडतो. ग्राइंडरचे सेटिंग बदलल्यावर आत अडकलेले जुने दळण बाहेर काढण्यासाठी थोडी कॉफी दळून टाकून द्यावी, नाहीतर पुढचा कप जुन्या आणि नव्या दळणाच्या मिश्रणाचा होतो.

सेकंदांचा खरा उपयोग आहे तो बियांचे वय ओळखण्यासाठी. भाजल्यानंतर पहिले काही दिवस वायू जोराने सुटत असतो आणि प्रवाह अस्थिर राहतो, म्हणून एस्प्रेसोसाठी बिया साधारण आठवडाभर, हलक्या भाजलेल्या असल्यास त्याहून अधिक, थांबू द्याव्यात. पुढे वायू कमी होत गेला की त्याच सेटिंगवर तेच ३६ ग्रॅम अधिक लवकर उतरू लागतात. वेळ ३० सेकंदांवरून २४ वर आलेली दिसली, तर दळण किंचित बारीक करण्याची वेळ झाली.

पाण्यात बायकार्बोनेट फार असेल, तर ते आम्लांना मारते आणि चांगली कॉफीही सपाट लागते. बाकी सारे करूनही कप निर्जीव वाटत असेल, तर पाणी बदलून पाहावे. तापमानाला मी सर्वांत शेवटी हात लावतो आणि तोही दोन-तीन अंशांनीच: हलक्या भाजलेल्या बियांसाठी ९४–९५ अंशांकडे, गडद बियांसाठी ९० च्या आसपास. तापमान ठरवण्याची सोय नसलेल्या हीट एक्स्चेंजरच्या यंत्रात (ज्यात कॉफीचे पाणी वाफेच्या टाकीतून जाणाऱ्या नळीत तापते), बराच वेळ थांबून मग कप काढायचा असेल, तर नळीत अतितप्त झालेले पाणी फुसफुसणे थांबेपर्यंत सोडून द्यावे आणि मगच पोर्टाफिल्टर, म्हणजे बास्केट धरणारी मूठ, बसवावे.