एकशे पाच पौंड

'मूर्ती लहान पण कीर्ती महान' ही म्हण लहान चणीच्या माणसाचे कौतुक करताना आपल्या तोंडी सहज येते, आणि ती वापरणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरीही बॉक्सिंगमधील सर्वांत हलक्या वजनगटांच्या लढती गेली पंधरा-सोळा वर्षे नेमाने पाहिल्यानंतर त्या म्हणीतला 'पण' मला खटकू लागला आहे. लहान असणे ही मुळातच उणीव आहे आणि कीर्ती मिळाली ती त्या उणिवेवर मात करून, असे त्या 'पण'मध्ये गृहीत धरलेले असते. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलो वजनाच्या अव्वल बॉक्सरला रिंगमध्ये पाहताना मला याच्या नेमके उलट वाटते. त्याची कला इतकी पूर्णत्वाला पोचलेली असते, कारण त्या वजनात अर्ध्याकच्च्या कलेवर निभावतच नाही.

पुरुषांच्या व्यावसायिक बॉक्सिंगमधील सर्वांत खालचा वर्ग १०५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ४७.६ किलोंचा आहे. त्याला मिनिममवेट किंवा स्ट्रॉवेट म्हणतात आणि तो १९८७ मध्ये सुरू झाला. त्याच्या वर १०८ पौंडांचा लाइट फ्लायवेट, ११२ पौंडांचा फ्लायवेट आणि ११५ पौंडांचा सुपर फ्लायवेट असे वर्ग आहेत. दहा पौंडांत चार वर्ग बसवलेले पाहून अनेकांना ही उगाच केलेली चिरफाड वाटते. पण १०५ वरून १०८ वर जाणे म्हणजे शरीराच्या वजनात जवळजवळ तीन टक्क्यांची भर आहे, आणि ज्याच्या अंगावर मुळातच चरबी उरलेली नाही त्याच्यासाठी ते तीन पौंड फार मोठे असतात. हातमोज्यांचेही तसेच आहे. बहुतेक ठिकाणी १०५ पौंडांचा बॉक्सर आणि १४७ पौंडांचा बॉक्सर यांना सारखेच, आठ औंसांचे हातमोजे मिळतात. म्हणजे ज्याची मूठ लहान, त्याच्या मुठीवर तुलनेने जाड गादी. एका ठोशात लढत संपवण्याची सोय या वर्गांत क्वचितच असते, त्यामुळे तीन, चार, पाच ठोशांची माळ ओवावी लागते, आणि ती ओवताना तोल ढळला तर समोरचाही तितकाच चपळ असल्याने त्याची किंमत लगेच मोजावी लागते. हेविवेटमध्ये दमलेला बॉक्सर मिठी मारून वेळ काढतो. इथे बारा फेऱ्यांत असा विसावा जवळजवळ नसतोच.

हे सगळे मला शब्दांत सांगता येण्याआधी माझ्या वडिलांनी एका वाक्यात सांगितले होते. ते कराडच्या बाजूचे, तरुणपणी तालमीत घडलेले. बॉक्सिंगचा त्यांना गंध नव्हता. एका दुपारी मी संगणकावर रिकार्डो लोपेझची एक जुनी लढत पाहत होतो आणि ते मागे येऊन उभे राहिले. दोन फेऱ्या ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हाताकडं काय बघतोस? पाय बघ त्याचे. हात मागनं येतात." मी तीच फेरी पुन्हा लावली आणि फक्त पाय पाहिले. लोपेझचा डावा पाय प्रत्येक वेळी चार-सहा इंचच पुढे सरकत होता, कधी त्याहून जास्त नाही, आणि उजवा पाय तेवढेच अंतर राखून त्याच्या मागे येत होता. दोन्ही पायांतले अंतर पूर्ण फेरीत बदलले नाही. प्रतिस्पर्धी मागे सरकला, बाजूला झाला, अंगावर धावून आला, तरी लोपेझ जिथे उभा असे तिथून त्याला दोन्ही हातांनी मारता येत होते. त्यानंतर मी त्याची एकही लढत पूर्वीसारखी पाहू शकलो नाही.

रिकार्डो लोपेझ हा मेक्सिकोतील क्वेर्नावाकाचा, १९६६ मध्ये जन्मलेला. 'फिनितो' हे त्याचे टोपणनाव त्याच्या रेखीव शैलीला साजेसे होते. २५ ऑक्टोबर १९९० रोजी टोकियोतील कोराकुएन हॉलमध्ये हिदेयुकी ओहाशी या जपानी विजेत्याला पाचव्या फेरीत हरवून त्याने १०५ पौंडांचे जागतिक विजेतेपद मिळवले, तेव्हा तो वर्ग सुरू होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. पुढे त्याने ते विजेतेपद सलग एकवीस वेळा राखले. त्याच्या डाव्या हाताची एक जोडी मला विशेष आवडते: आधी डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, आणि तो हात पूर्ण मागे न घेता, कोपर थोडी खाली सोडून, त्याच हाताचा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा. हुक अडवण्यासाठी प्रतिस्पर्धी उजवा हात गालाशी नेतो आणि हनुवटीच्या खालची जागा उघडी पडते. अपरकट तिथेच येतो. जोडी सोपी वाटते, पण एकाच हाताचे दोन ठोसे जोरात मारायचे तर दुसऱ्याची ताकद पायांतून आणि कमरेतून नव्याने उभी करावी लागते, आणि तेवढ्या क्षणभरात बहुतेक बॉक्सर उघडे पडतात. लोपेझ उघडा पडत नसे, कारण उजवा हात या सगळ्या वेळात त्याच्या गालाशी चिकटलेला असे.

त्याची खरी कसोटी उशिरा आली. मार्च १९९८ मध्ये मेक्सिको सिटीत निकाराग्वाच्या रोसेंदो आल्वारेझने, जो स्वतः तोवर अपराजित होता, दुसऱ्या फेरीत त्याला खाली पाडले. कारकिर्दीत तो प्रथमच पडला होता. डोक्याला डोके आपटून झालेल्या जखमेमुळे सातव्या फेरीत ती लढत थांबली आणि बरोबरीत सुटली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासला ते पुन्हा भिडले. आल्वारेझ वजनाच्या मर्यादेत बसू शकला नव्हता, म्हणजे लोपेझसमोर त्याच्याहून वजनदार माणूस उभा होता, तरीही बारा फेऱ्यांनंतर पंचांच्या विभागलेल्या कौलाने लोपेझ जिंकला. मला त्याच्या सगळ्या सहज विजयांपेक्षा ही लढत मोलाची वाटते. पस्तिशीकडे झुकलेला बॉक्सर, ज्याला आठ महिन्यांपूर्वी याच माणसाने पाडले होते, तो आपला पवित्रा न बदलता, न घाबरता, पुन्हा चार-सहा इंचच पुढे सरकत राहतो. पुढच्या वर्षी तो १०८ पौंडांत गेला आणि तिथेही विजेता झाला. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बर्नार्ड हॉपकिन्स आणि फेलिक्स त्रिनिदाद यांच्या लढतीआधी तो शेवटचा खेळला आणि आठव्या फेरीत जिंकला. एकूण बावन्न लढती, एक्कावन्न विजय, एक बरोबरी आणि एकही पराभव नाही. त्या रात्री गार्डनमध्ये जमलेल्यांपैकी बहुतेक लोक दुसऱ्याच दोघांसाठी आले होते, याचे मला आजही वाईट वाटते.

वडिलांनी लोपेझच्या पायांविषयी बोलता बोलता खाशाबांचा विषय काढला होता. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे म्हणून आपल्याला ठाऊक आहेत, पण त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते कुस्तीच्या फ्लायवेट गटात उतरले होते आणि सहावे आले होते. त्याच ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंगच्या फ्लायवेट गटाचे सुवर्णपदक अर्जेंटिनाच्या पास्क्वाल पेरेझने मिळवले. पेरेझची उंची पाच फुटांहूनही कमी होती. १९५४ मध्ये त्याने टोकियोला जाऊन योशिओ शिराईचे जागतिक विजेतेपद काढून घेतले आणि तो अर्जेंटिनाचा पहिला जागतिक विजेता ठरला. कराडचा पैलवान आणि मेंदोसाचा बॉक्सर, दोघेही आपापल्या खेळातल्या सर्वांत हलक्यांपैकी, एकाच शहरात एकाच उन्हाळ्यात होते, हे कळल्यापासून माझ्या मनात ती दोन नावे शेजारी बसली आहेत.

या परंपरेच्या मुळाशी जायचे तर वेल्समधील ऱ्होंडा खोऱ्यापर्यंत जावे लागते. तिथला जिमी वाइल्ड लहानपणी कोळशाच्या खाणीत काम करत असे. अंगाने बारीक असल्यामुळे मोठ्या माणसांना शिरता येणार नाही अशा अरुंद थरांतही तो काम करू शके. बॉक्सिंग तो शिकला ते जत्रांमधील तंबूंत, जिथे कोणीही पुढे यावे आणि तंबूच्या बॉक्सरशी लढावे अशी पद्धत होती. आपल्या जत्रांतील कुस्तीचे फड डोळ्यांसमोर आणले तर ते दृश्य समजायला वेळ लागत नाही. फरक इतकाच की वाइल्डसमोर येणारे बहुतेक त्याच्याहून कितीतरी वजनदार असत. तो अनेकदा शंभर पौंडांच्याही आत भरत असे आणि वजन कमी करण्याचा प्रश्नच नसल्याने कपड्यांसकट काट्यावर उभा राही. १९१६ मध्ये तो फ्लायवेटचा जागतिक विजेता झाला. 'हातात हातोडा घेतलेले भूत' असे त्याला म्हणत. १९२३ मध्ये न्यूयॉर्कला त्याला हरवणारा पान्चो व्हिया हा फिलिपिन्सचा, आशियाचा पहिला जागतिक विजेता. दोनच वर्षांनी दाताच्या संसर्गातून तो सॅन फ्रान्सिस्कोत वारला, तेव्हा त्याचे वय तेवीस होते.

माझ्या स्वतःच्या डोळ्यांदेखत घडलेली कारकीर्द मात्र निकाराग्वाच्या रोमान गोन्सालेसची, ज्याला सारे जग 'चोकोलातितो' म्हणते. १०५, १०८, ११२ आणि ११५ अशा चारही वर्गांत तो विजेता झाला, आणि २०१५ मध्ये अमेरिकेचा फ्लॉइड मेवेदर निवृत्त झाल्यावर सर्व वजनांच्या बॉक्सरांची क्रमवारी लावणाऱ्यांनी त्याला पहिल्या स्थानावर ठेवले. इतक्या हलक्या वजनाच्या बॉक्सरला तो मान मिळेल असे त्याआधी कोणाला वाटले नसते. लोपेझ अंतर राखून खेळणारा, तर हा अंतर संपवणारा. प्रतिस्पर्ध्याच्या छातीशी कपाळ टेकेल इतक्या जवळ जायचे, ठोसा मारता मारता अर्धे पाऊल बाजूला सरकायचे, आणि पुढचा ठोसा त्या नव्या जागेवरून मारायचा. त्यामुळे समोरच्याला तो दिसत असूनही सापडत नसे. मार्च २०१७ मध्ये थायलंडच्या श्रीसाकेतने त्याला हरवले तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ होती. पहिल्याच फेरीत पडलेला, डोक्याला डोके आपटून रक्तबंबाळ झालेला चोकोलातितो बाराव्या फेरीपर्यंत पुढेच जात राहिला, आणि निकाल ऐकल्यावर मी बराच वेळ पडद्यासमोरून उठलो नाही. सप्टेंबरमधील दुसऱ्या लढतीत तो चौथ्या फेरीतच बाद झाला. ११५ पौंड हे त्याच्या हाडापेराला जास्त होते, हे तेव्हा सगळ्यांनी मान्य केले, मीसुद्धा.

पण फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच वजनात त्याने खालिद याफाईला हरवून पुन्हा विजेतेपद मिळवले. मार्च २०२१ मध्ये डॅलसला हुआन फ्रान्सिस्को एस्ट्राडाशी झालेली त्याची दुसरी लढत ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी वेळ काढून पाहावी. बारा फेऱ्यांत दोघांनी मिळून अडीच हजारांहून अधिक ठोसे मारले. मोजणाऱ्यांच्या आकड्यांनुसार गोन्सालेसचे ३९१ लागले आणि एस्ट्राडाचे ३१४. कौल मात्र एस्ट्राडाच्या बाजूने गेला, आणि तोही विभागलेला. एका पंचाने एस्ट्राडाला ११७-१११ अशी आघाडी दिली, ती मला आजही पटत नाही. तरी त्या लढतीतला आकडा माझ्या लक्षात राहिला तो अडीच हजारांचा, कारण इतके ठोसे मारूनही शेवटच्या फेरीत दोघांच्याही हातांच्या कोपरा अंगाशी होत्या आणि एकही ठोसा भिरकावलेला नव्हता.

या वर्गांची कदर करायची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांनी ती नेहमी पार पाडली असे म्हणता येत नाही. मेरी कोमने पहिली जागतिक विजेतेपदे ४५, ४६ आणि ४८ किलो गटांत मिळवली, पण २०१२ मध्ये लंडनला महिलांचे बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये प्रथमच आले तेव्हा सर्वांत खालचा गट ५१ किलोंचा ठेवला गेला. तिला वजन वाढवून स्वतःहून उंच आणि भारी मुलींशी लढावे लागले, आणि तिने कांस्यपदक आणले. पुरुषांचा ४९ किलो गट २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर ऑलिंपिकमधून बंद झाला. २०१८ च्या आशियाई खेळांत त्याच गटात सुवर्ण मिळवणाऱ्या अमित पंघालला टोकियोसाठी ५२ किलोंत जावे लागले, आणि तिथे त्याला पहिल्याच लढतीत हरवणारा कोलंबियाचा युबेर्जेन मार्तिनेसही रिओत ४९ किलोंत रौप्य मिळवलेलाच होता. गटांची संख्या आवरण्यासाठी कात्री लावताना ती नेहमी खालच्या टोकाला लागावी, हे मला अन्यायाचे वाटते. त्या वजनाची मुले-मुली मणिपूरमध्ये, हरियाणात आणि आपल्याकडेही जन्माला यायची काही थांबणार नाहीत.

लोपेझकडून हरलेल्या हिदेयुकी ओहाशीविषयी थोडे सांगायचे राहिले. त्याआधी १०८ पौंडांच्या वर्गात कोरियाच्या चांग जंग-कूनेही त्याला दोनदा हरवले होते. म्हणजे त्या काळातील सर्वांत हलक्या वजनांचे दोन सर्वश्रेष्ठ बॉक्सर त्याने स्वतःच्या अंगावर झेलले. फेब्रुवारी १९९० मध्ये कोराकुएन हॉलमध्ये तो जागतिक विजेता झाला, त्यानंतर चारच दिवसांनी शेजारच्या टोकियो डोममध्ये हेविवेटचा विजेता माइक टायसन हा बस्टर डग्लसकडून हरला, आणि जगाच्या लक्षात तेवढेच राहिले. निवृत्तीनंतर ओहाशीने योकोहामाला जिम काढले. त्या जिममधून नाओया इनोए तयार झाला, जो २०१४ मध्ये आपल्या सहाव्याच व्यावसायिक लढतीत १०८ पौंडांचा जागतिक विजेता झाला आणि मग एकेक वर्ग वर चढत गेला.

६ मे २०२४ रोजी टोकियो डोममध्ये टायसनच्या त्या पराभवानंतर प्रथमच बॉक्सिंग झाले. चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक होते. पहिल्याच फेरीत लुइस नेरीच्या डाव्या हुकने इनोए कारकिर्दीत प्रथमच खाली पडला. तो लगबगीने उठला नाही. एका गुडघ्यावर बसून त्याने पंचांचे आकडे आठपर्यंत मोजू दिले, मग उभा राहिला, दोन्ही पायांतले अंतर नीट केले आणि सहाव्या फेरीत लढत संपवली. ओहाशी जिथे जिंकला आणि लोपेझकडून हरला तो जेमतेम दोन हजार प्रेक्षक मावणारा कोराकुएन हॉल तिथून चालत काही मिनिटांवर आहे.