पुस्तक मागून वाचणारे

पुस्तक हातात घेतल्यावर माणूस आधी काय बघतो, यावरून त्याच्या खिशाचा अंदाज येतो. ऐपतदार गिऱ्हाईक मुखपृष्ठ बघतं. प्राध्यापक प्रस्तावना कुणाची आहे ते बघतात. लेखक मंडळी ऋणनिर्देशात आपलं नाव आलंय का ते शोधतात. आमच्यासारखे मात्र पुस्तक सरळ उलटं करतात. मलपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यातला आकडा वाचायचा, मनातल्या मनात मेसच्या डब्याशी त्याचा हिशोब लावायचा आणि मग ब्लर्ब, म्हणजे तिथला पुस्तकाची ओळख करून देणारा मजकूर, सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचा, कारण पुस्तकात फुकट मिळणारं तेवढंच असतं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या दुकानांत उभ्या उभ्या मी इतके ब्लर्ब वाचलेत की कुठल्याही गाजलेल्या कादंबरीवर ती न वाचता पाच मिनिटं बोलू शकतो. पुढे साहित्यिक गप्पांत वावरताना कळलं, की हे कौशल्य अगदीच दुर्मिळ नाही.

माझं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि अनुदानासाठी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आले. आमचं 'ड'. म्हणजे ग्रामपंचायतीच्या खोलीतलं एक लोखंडी कपाट आणि त्याची किल्ली असलेले ग्रंथपाल काका. काकांना त्या मानधनात संसार चालवणं शक्य नव्हतं, म्हणून ते पिठाची गिरणीही चालवायचे. पुस्तक हवं असेल तर आधी गिरणीत जायचं, दळण संपेपर्यंत थांबायचं. त्यामुळे गावातल्या प्रत्येक पुस्तकावर पांढऱ्या बोटांचे ठसे असायचे आणि नुसतं ते बघून कुठलं पुस्तक किती खपतंय ते कळायचं. आई म्हणायची, "पुस्तकानं प्वाट भरतंय व्हय रं?" आमच्या ग्रंथपालांकडे बघितलं तर तिचा मुद्दा खोडून काढणं अवघड होतं.

गरीब वाचकाचा वाङ्मयाचा इतिहास वेगळाच असतो, यावर खरं तर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. अभ्यासक्रमात आधी संतसाहित्य येतं, मग पंडिती, मग शाहिरी, मग आधुनिक. आमच्याकडे रद्दीवाल्याच्या गठ्ठ्यातून जे आधी निघेल ते आधी. दुसरा खंड वाचून झाल्यावर चार वर्षांनी पहिला भेटतो. रहस्यकथेची शेवटची पानं भेळवाल्याकडे गेलेली असतात, त्यामुळे कित्येक खुनी माझ्या लेखी आजही मोकाट आहेत. दिवाळी अंक आम्ही महाशिवरात्रीच्या सुमाराला वाचतो. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा फराळाबरोबर वाचन अशी काही कल्पना असेल. आम्हाला ते फराळाऐवजी उपवासाबरोबर मिळतं, पण निम्म्याहून कमी किमतीत.

या इतिहासात रशियाला मोठं स्थान आहे. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची मराठी भाषांतरं माझ्या आधीच्या पिढीला चार-दोन रुपयांत मिळायची. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ गेला आणि ती गंगा आटली. माझ्या वाट्याला त्याचा गाळ आला, पण काय गाळ होता! जाड कागद, पक्की शिवण आणि चित्रं अशी, की बर्फ म्हणजे काय ते मला हिमालयाच्या आधी त्या पुस्तकांतून कळलं. दुसरं मोठं स्थान सरकारचं. लोक सरकारी छापखान्यांना नावं ठेवतात. ठेवोत बापडे. महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय किंवा बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जाडजूड खंड ज्या किमतीत सरकार देतं, त्या किमतीत खासगी प्रकाशक पातळसा चारोळीसंग्रहसुद्धा देत नाही. अट एकच, ते शिल्लक असताना आपण तिथं पोचलं पाहिजे.

आणि गरीब वाचक कुठे दिसतो, असं कुणी विचारलं तर त्याला डिसेंबरात दादरला न्यावं. सहा तारखेला चैत्यभूमीवर येणारी माणसं शिवाजी पार्कात पथारी टाकून झोपतात, आणि परतताना त्यांच्या पिशवीत पुस्तकं असतात. दसऱ्याच्या सुमारास नागपूरला दीक्षाभूमीवरही तेच. तिथं मी एका आजींना पाहिलं. त्यांनी पुस्तक घेतलं, उलटं केलं आणि नातवाला म्हणाल्या, "वाच, कितीला हाय?" म्हणजे आमच्याच पंथातल्या. वाचनसंस्कृती लोप पावत चालल्याबद्दल जे परिसंवाद होतात, त्यांतला एखादा तिथल्या स्टॉलमागे उभं राहून घ्यायला हरकत नाही. वक्त्याला मध्येच बाजूला सरकावं लागेल एवढंच.

हे झालं वाचण्याचं. खरी पंचाईत पुढे होते, कारण इतकं वाचणाऱ्याला एक दिवस लिहावंसं वाटतं.

कवी व्हायचंय असं कुणाला सांगितलं की लोक दोन नावं फेकतात. नारायण सुर्वे आणि अण्णा भाऊ साठे. "सुर्वे बघ, शाळेत शिपाई होते." बरोबर आहे. गिरणी कामगारानं रस्त्यावरून उचलून वाढवलेलं पोर, पुढे शिपाई, मग शिक्षक, आणि १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. अण्णा भाऊ तर जेमतेम दीड दिवस शाळेत गेले. पण ही उदाहरणं देणारे पुढचं वाक्य गिळतात. अण्णा भाऊंनी कादंबऱ्या, कथा, लावण्या, पोवाडे असं एवढं लिहिलं, त्यांचं लेखन परदेशी भाषांत गेलं, तरी त्यांच्या आयुष्याची कितीतरी वर्षं घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत गेली. त्यांची गरिबी आता भाषणात शोभून दिसते. ती भोगताना कशी दिसत होती, हे भाषण करणाऱ्याला विचारायचं नसतं.

मी एकदा कागदावर हिशोबच मांडला. समजा माझं दोनशे रुपयांचं पुस्तक निघालं. हजार प्रतींची आवृत्ती, दहा टक्के मानधन. सगळ्या प्रती खपल्या तर वीस हजार. हजार प्रती खपायला नवख्याला किती वर्षं लागतात ते एका प्रकाशकांना विचारलं, तर ते दिलखुलास हसले आणि त्यांनी चहा मागवला. कवितासंग्रह असेल तर पैशांची दिशाच बदलते, ते कवीकडून प्रकाशकाकडे जातात, हेही त्यांनी त्याच चहात सांगितलं. चहा चांगला होता.

तेव्हा मी शिक्षण सांभाळून एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होतो. श्रीलिपी या सॉफ्टवेअरवर मराठी टाइप करता येतं म्हणून शेठनी डीटीपीचं, म्हणजे संगणकावरच्या अक्षरजुळणीचं, टेबल मला दिलं. आणि तिथं मला मराठी कवितेचं खरं अर्थशास्त्र दिसलं. निवृत्त माणसं यायची. हातात प्लास्टिकच्या पिशवीत हस्तलिखित, ग्रॅच्युइटी बँकेत. वर्षभरात त्यांचे इतके संग्रह मी जुळवले, की मराठीत सर्वाधिक कविता हाताखालून गेलेल्या माणसांत माझा नंबर लागावा. कुचेष्टा नाही करत. त्या माणसांनी आयुष्यभर फायलींवर सह्या करत या ओळी जपून ठेवल्या होत्या. मी माझ्या ओळी बिघडलेल्या झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूला लिहायचो. फरक फक्त कागदाच्या बाजूचा होता.

त्यांतले एक सर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची एक कविता धरणात गेलेल्या गावावर होती. 'धरणाच्या पाण्यामध्ये गाव माझे बुडाले, डोळ्यांतुनी अश्रूंचे मग थेंब थेंब उडाले.' मी टाइप करता करता थांबलो. माझ्या आईचं माहेर उजनीच्या पाण्यात गेलेलं. उन्हाळ्यात धरण खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, ते बघायला गर्दी होते, आणि आई कधी जात नाही. मी म्हटलं, "सर, दुसरी ओळ जरा बदलू का? 'वैशाखात पाणी हटता देऊळ वर आले.'"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "टाइप तर कर," म्हणाले.

प्रकाशन समारंभाला पुस्तकांचे खोके रिक्षातून मीच नेले. सभागृह बऱ्यापैकी भरलेलं होतं, नातेवाईक पुष्कळ. प्रमुख पाहुण्यांनी संग्रहातली नेमकी तीच ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि धरणग्रस्तांच्या वेदनेवर दहा मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या. सरांनी स्टेजवरून मागे, खोक्यांच्या दिशेनं पाहिलं आणि हात किंचित वर केला. पुस्तकात अक्षरजुळणीच्या पुढे शेठच्या दुकानाचं नाव होतं. शेठ ते पुस्तक पुढे कित्येक दिवस काउंटरवर ठेवत असत.

दुसऱ्या संग्रहाची पिशवी सरांनी दिवाळीनंतर आणली. "या वेळी जरा मोकळ्या हातानं बघ," हळू आवाजात म्हणाले. मी म्हटलं, "सर, मग पानाला दहा रुपये जास्त पडतील." इतकी वर्षं ठेकेदारांशी बोलणी केलेला माणूस, त्यांनी लगेच कागद पुढे ओढला. पाच रुपयांवर आले. मी सातवर अडलो. शेवटी पाच रुपये, आणि वर त्यांच्या माळ्यावरचे सगळे जुने दिवाळी अंक मला, असं ठरलं. त्यांच्या मिसेसना तो माळा लोणच्याच्या बरण्यांसाठी हवाच होता. अंक न्यायच्या रिक्षाचं भाडं कुणी द्यायचं, यावर मात्र आमचं अजून एकमत झालेलं नाही.