मीठ वितळलं की वीज वाहते

दहावीला विज्ञान शिकवणारे आमचे सर प्रयोगाआधी उत्तर कधीच सांगत नसत. विद्युत अपघटनाच्या, म्हणजे वीज सोडून पदार्थाचे घटक वेगळे करण्याच्या, तासाला त्यांनी मुशीत लेड ब्रोमाइडची (शिसं आणि ब्रोमीनच्या संयुगाची) पांढरी भुकटी घेतली, कार्बनच्या दोन कांड्या रोवल्या, बॅटरी आणि बल्ब जोडला. बल्ब ढिम्म. स्थायूत आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, असतातच, पण जागच्या जागी जखडलेले. वीज वाहून नेणार कोण? मग मुशीखाली बर्नर लावला. तापमान ३७३ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं, भुकटी कडेने पाझरल्यासारखी दिसू लागली, वितळली आणि बल्ब लागला! धनाग्राभोवती, म्हणजे बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या कांडीभोवती, लालसर तपकिरी वाफ उठली. ब्रोमीन विषारी, शिशाची वाफही घातक, म्हणून हे सगळं धूर ओढून घेणाऱ्या कपाटात चाललेलं आणि आम्ही काचेबाहेर माना उंचावून उभे. मूस निवल्यावर सरांनी तळाशी जमलेला शिशाचा चकचकीत मणी दाखवला.

मग त्यांनी विचारलं, मिठाच्या पाण्यातून वीज सोडली तर सोडियम मिळेल? आम्ही एका सुरात ‘हो’ म्हणालो. सर म्हणाले, ‘‘आधी भांड्यात कोण कोण आहे ते बघा.’’ तिथे पाणी आहे. ऋणाग्राकडून, म्हणजे ऋण टोकाच्या कांडीकडून, इलेक्ट्रॉन घेणं सोडियमच्या आयनापेक्षा पाण्याला सोपं जातं, म्हणून हायड्रोजन सुटतो. नुसतं वितळलेलं मीठ असेल तरच ऋणाग्रावर सोडियम, धनाग्रावर क्लोरीन. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनाही १८०७ साली पोटॅशियम मिळालं ते वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधून). पाण्यातल्या द्रावणाने त्यांना दाद दिली नव्हती.

पुढे धातुशास्त्र शिकताना सरांचा तो प्रश्न पावलोपावली कामी आला. मीठ वितळायला ८०१ अंश लागतात. कारखान्यात त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळून काम सुमारे ६०० अंशांवर आणतात. सोडियम आणि क्लोरीन पुन्हा भेटले तर परत मीठच, म्हणून मध्ये पोलादी जाळी. ज्यातून ॲल्युमिनियम काढतात त्या ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) वितळणबिंदू तर २००० अंशांच्याही वर. तो वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये (ॲल्युमिनियमच्याच एका फ्लोराइड क्षारात) विरघळवला की ९५० अंशांच्या आसपास भागतं.

ॲल्युमिनाच्या उत्तरात धनाग्रावर ‘ऑक्सिजन’ एवढंच लिहिलं, तर सर अर्धेच गुण देत. तो ऑक्सिजन तिथल्या तापलेल्या कार्बनलाच खातो, कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि धनाग्र झिजत जाऊन बदलावं लागतं, हे लिहिलं की उरलेले गुण मिळत.