अक्षर हेगेलचं, विचार कुणाचा?

इथे जर्मनीत मी तत्त्वज्ञान शिकवते. हेगेल या जर्मन तत्त्वज्ञावरच्या सेमिनारची सुरुवात मी दरवेळी त्याच्या आधीच्या कान्टपासून करते. त्या हिवाळ्यात मात्र पहिल्याच तासाला एका जुन्या हस्तलिखित पानाच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स वाटल्या आणि लेखकाचं नाव सांगितलंच नाही.

जर्मन चिद्वादात, म्हणजे कान्टनंतरच्या, मन-विचाराला जगाच्या मुळाशी मानणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञानात, काम करणाऱ्यांना हे पान पाठ असतं. बर्लिनच्या शाही ग्रंथालयानं ते १९१३ मध्ये लिलावात घेतलं, फ्रान्झ रोझेन्झ्वाइग या तत्त्वज्ञानं १९१७ मध्ये छापलं. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनहून हलवलेल्या पेट्यांबरोबर ते गेलं, ते आता पोलंडमध्ये, क्राकोच्या यागिएलोनियन ग्रंथालयात आहे. मजकूर मध्येच कुठून तरी सुरू होतो.

मुलं वाचत होती. एका ओळीवर कायद्याचा एक विद्यार्थी थबकला. राज्य स्वतंत्र माणसांना यंत्रातल्या दातेरी चाकांसारखं वागवतं, तसं त्यानं करता कामा नये, म्हणून त्यानं संपावं, असं तिथे म्हटलंय. "हा कुणीतरी अराजकवादी दिसतो," तो म्हणाला.

मी म्हटलं, अक्षर हेगेलचं आहे.

गडी चक्क चिडला. १८२१ च्या कायद्याच्या तत्त्वज्ञानावरच्या ग्रंथात राज्याची एवढी तरफदारी करणारा हेगेलच त्याला शिकवला होता! मग मी त्या पानाच्या लेखकाबद्दलचा सगळा वाद मांडला. रोझेन्झ्वाइगच्या मते हेगेलनं तत्त्वज्ञ शेलिंगच्या मजकुराची नक्कल केली, काहींनी कवी ह्योल्डरलिनचं नाव पुढे केलं, ओटो प्योगेलर या अभ्यासकानं ते हेगेलचंच ठरवलं. ट्युबिंगेनला एकत्र शिकलेले हे तीन मित्र, त्यांच्या गप्पांत कुठलं वाक्य कुणाचं, हे कसं वेगळं काढणार? मी त्यांना संताजी जगनाड्यांबद्दल सांगितलं: अक्षर त्यांचं, अभंग तुकोबांचे. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "पण जगनाडे पुढे तुकारामांच्या विरुद्ध लिहायला लागले का?" बिनतोड! हेगेल तर पुढे या ओळीच्या उलटच लिहू लागला. उत्तर नव्हतं.

खरं तर आमच्या धंद्यात लेखकाचं नाव फार महत्त्वाचं. माझी नोकरी कराराची, पीएचडीनंतर साधारण सहा वर्षांत प्राध्यापकी मिळाली तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळा. मुलाखतीत "तुम्ही हेगेलवाल्या की शेलिंगवाल्या?" हे आडून का होईना, विचारतातच. त्या मुलांना कुणाच्या गोटात जायचं नव्हतं, म्हणून ती त्या ओळीशी थेट भांडत होती.

कायद्याच्या त्या पोरानं सत्राअखेर निबंध दातेरी चाकांवरच लिहिला. लेखक कोण, हा प्रश्न एका तळटीपेत गुंडाळला. सहकाऱ्याला ते मुळीच पटलं नाही. मी १.३ दिले. इथे १ म्हणजे सर्वोत्तम, पण फोनवर आईला अजून वाटतं मी बिचाऱ्याला नापास केलं.