चाकांवरची मोरी

जूनच्या शेवटी स्कॉटलंडच्या उत्तरेला रात्री साडेदहालाही चांगला उजेड असतो. अलापूल नावाच्या बंदराच्या गावात, लॉख ब्रूम या समुद्राच्या खाडीच्या काठावर आमची मोटरहोम उभी होती. समोर पाणी, पलीकडे डोंगर, आणि बाहेर मिजेसचे थवे. मिजेस म्हणजे आपल्या चिलटांहूनही बारीक, पण कडकडून चावणारे किडे. त्यामुळे संध्याकाळनंतर खिडकी उघडायची सोय नव्हती. आणि आत वास येत होता. कुजलेल्या अंड्यासारखा, जरासा आंबूस, तुंबलेल्या मोरीला येतो तसा. लेक नाकावर पांघरूण ओढून झोपायचा प्रयत्न करत होती.

भारतातल्या वाचकांसाठी आधी गाडीविषयी सांगते. मोटरहोम म्हणजे टेम्पोएवढ्या गाडीत बसवलेलं घर. दोन शेगड्या, छोटं सिंक, झोपायची जागा, कपाटाएवढं न्हाणीघर. इथे इंग्लंडमध्ये सुट्टीसाठी अशा गाड्या घेऊन फिरणारी माणसं खूप आहेत. आम्ही रेडिंगला राहतो आणि आमची गाडी जुनी, दुसऱ्या हातची घेतलेली. तिच्या पोटाखाली दोन टाक्या आहेत, एक चांगल्या पाण्याची आणि दुसरी सांडपाण्याची. सिंक आणि शॉवरचं पाणी या दुसऱ्या टाकीत जातं. इथले लोक त्याला ग्रे वॉटर म्हणतात. संडासाचं सगळं वेगळं असतं, त्याची बंद पेटी असते. ती कॅसेट बाहेर ओढून काढायची आणि कॅम्पसाइटवर ठरवलेल्या जागीच रिकामी करायची.

म्हणून वास आला की पहिला संशय कॅसेटवर जातो. आमचाही गेला. नवऱ्याने ती दोनदा धुतली. मी फ्रिज रिकामा केला, कांद्याबटाट्याची टोपली बाहेर काढली, ओले टॉवेल हुंगून पाहिले. दुसऱ्या दिवशी दुकानातून सांडपाण्याच्या टाकीत टाकायचं सुवासिक द्रव आणलं. तासभर लव्हेंडरचा वास आला, मग लव्हेंडर आणि कुजकं अंडं असा दोन्हींचा मिळून. तो जास्त वाईट होता.

शेजारच्या गाडीत एक वयस्कर जोडपं होतं. आजोबा आयुष्यभर नळजोडणीचं काम केलेले. त्यांनी आत येऊन हुंगलंसुद्धा नाही, बाहेरूनच विचारलं, "गाडी चालवताना वास वाढतो का?" वाढायचा. "वरची खिडकी उघडी ठेवून चालवता?" हो, वास जावा म्हणूनच तर उघडी ठेवत होतो. ते म्हणाले, "मग तुम्ही तो ओढून घेताय."

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. गाडी वेगात असताना वरची किंवा बाजूची खिडकी किंचित उघडी असली, तर बाहेरून जाणारा वारा आतली हवा खेचून घेतो. आतला दाब थोडा कमी होतो. मग हवा जिथून मिळेल तिथून आत येते, आणि सगळ्यात सोपी वाट म्हणजे शॉवरच्या जाळीचं भोक. त्याच्या दुसऱ्या टोकाला सांडपाण्याची टाकी. म्हणजे मोकळ्या हवेसाठी उघडलेली खिडकीच टाकीतली हवा घरात आणत होती.

त्यांचा सल्ला सोपा होता. सिंकला बूच, शॉवरच्या जाळीवर ओल्या फडक्याची घडी, त्यावर वजन, आणि मग गाडी चालवून बघा. आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने तासभर गेलो. वास नव्हता. संध्याकाळी बूच काढलं आणि दहा मिनिटांत तो परत आला.

रात्री आईला व्हिडिओ कॉल केला. आई रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी असते. सगळं ऐकून तिने एकच प्रश्न विचारला, "गो, त्या तुझ्या मोरीला नानी ट्रॅप आहे की नाही?"

मला हा शब्द लहानपणापासून माहीत होता, पण तो 'न्हाणी'वरून आला हे तोवर कधी डोक्यात आलं नव्हतं. भारतभरचे प्लंबर न्हाणीघराच्या जमिनीतल्या त्या वाटीसारख्या भागाला नहाणी ट्रॅप म्हणतात, बोलताना त्याचं नानी ट्रॅप होतं. शब्द आपल्या न्हाणीघराचा आहे. काम एवढंच की त्यात नेहमी दोनेक इंच पाणी साचून राहावं. सांडपाणी त्यावरून पुढे जातं, पण गटारातली हवा पाण्यातून वर येऊ शकत नाही. सिंकखालचा वाकडा पाइपही तेच करतो. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने 1775 मध्ये संडासाला अशा वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. आजही जगभरच्या घरांत वास अडवायला तेच मूठभर पाणी आहे.

मोटरहोममध्ये हे मूठभर पाणीच टिकत नाही. जमिनीखाली जागा नसल्यामुळे शॉवरचा ट्रॅप उथळ असतो, आमच्यात जेमतेम बोटाच्या पेराएवढं पाणी राहतं. वळणावळणाच्या रस्त्यावर ते हिंदकळून निघून जातं. गाडी चार दिवस उन्हात उभी राहिली तर सुकून जातं. आणि सिंकखाली वाकून पाहिलं तर तिथे ट्रॅप नव्हताच. नुसती वळ्यावळ्यांची प्लॅस्टिकची नळी, मध्ये झोळ पडलेली, थेट टाकीपर्यंत. आधीच्या कुणी मालकाने बदलली असेल किंवा पहिल्यापासूनच तशी असेल. त्या वळ्यांमध्ये आमच्या स्वयंपाकाची शितं अडकलेली होती.

परत आल्यावर टाकीकडे वळलो. टाकीला हात जाईल एवढं झाकण आहे. ते उघडलं तेव्हा तळाशी बोटभर जाडीचा काळा, बुळबुळीत थर होता. साबण, चरबी, भाताचं सत्त्व, डाळ, केस. वर्षानुवर्षं नळ उघडला की पाणी जायचं आणि हे मागे राहायचं. अशा थराच्या आत हवा पोचत नाही, आणि तिथे हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात. अंडी, कांदा, लसूण यांतलं गंधक आणि साबणातली सल्फेटं यांच्यापासून ते हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. त्याचा वास माणसाला अगदी अल्प प्रमाणातही कळतो. स्टार्च आंबतं त्याचा आंबूस वास वेगळा. उन्हाळ्यात गाडीखालची टाकी तापली की हे सगळं भराभर होतं.

इथे माझं ठाम मत सांगते. वासावर वास ओतून काही होत नाही. 1858 च्या उन्हाळ्यात लंडनला टेम्स नदीची दुर्गंधी इतकी वाढली होती की वास दबावा म्हणून पार्लमेंटच्या पडद्यांना चुन्याच्या क्लोराइडचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, पाणी लावत होते. त्याने काय झालं? शेवटी जोसेफ बाझलजेट या इंजिनिअरच्या देखरेखीखाली शहराखालून मोठी गटारं बांधली, मैला शहरापासून दूर नेला, तेव्हा नदीकाठ सुसह्य झाला. आमच्या नव्वद लिटरच्या टाकीलाही तेच लागू होतं. घाण काढायची आणि हवेची वाट बंद करायची. यातलं एकच केलं तर वास परत येतो.

घाण काढायला आम्हाला दोन शनिवार-रविवार लागले. पहिल्यांदा धुण्याचा सोडा. इथे तो सोडा क्रिस्टल्स म्हणून अगदी स्वस्त मिळतो, आणि चिकट चरबीवर तो फार चांगला आहे. बादलीभर गरम पाण्यात विरघळवून सिंकमधून आणि शॉवरमधून ओतला, म्हणजे नळ्याही धुतल्या जातात. पाणी हाताला सोसेल इतपतच गरम. उकळतं पाणी ओतू नका, प्लॅस्टिकचे जोड सैल होतात. टाकी अर्धी भरून गाडी तासभर फिरवली. हिंदकळण्याने जे काम होतं ते उभ्या गाडीत रात्रभर ठेवून होत नाही. मग रिकामी केली, आणि जे बाहेर आलं त्याचं वर्णन करत नाही.

दुसऱ्या फेरीला बायॉलॉजिकल वॉशिंग पावडर. इंग्लंडच्या दुकानांत कपड्यांच्या पावडरी दोन जातींच्या असतात, बायो आणि नॉन-बायो. बायोमध्ये एन्झाइम असतात, जी प्रथिनं, स्टार्च आणि चरबी तोडतात. म्हणजे नेमका आमचा काळा थर. दोन चमचे पुरतात, जास्त टाकली तर फेस आवरत नाही. पाणी कोमट हवं आणि रात्रभर वेळ हवा. शेवटी रेडिंगच्या जड पाण्याने बसलेल्या चुनखडीसाठी लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड. चुन्याचा खडबडीतपणा राहिला तर त्यावर चिकटा लवकर बसतो.

लोक खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायला सांगतात. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना निकामी करतात आणि उरतं ते बहुतेक खारट पाणी. दुसरी गोष्ट मात्र गांभीर्याने सांगते. क्लोरीनचं ब्लीच आणि कुठलंही आम्ल, मग ते व्हिनेगर असो की लिंबूफूल, कधीही एका टाकीत जाऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि तुम्ही बंद गाडीत झोपलेले असता. ब्लीचने स्टीलचं सिंकही डागळतं. आम्ही ते वापरतच नाही.

वाट बंद करायला नवऱ्याने हेपव्हो व्हॉल्व्ह बसवला. हा पाण्याशिवायचा ट्रॅप आहे. सरळ नळीसारखा तुकडा, आत मऊ रबरी पडदा. पाणी आलं की पडदा उघडतो, पाणी गेलं की आपोआप मिटतो. पाणी साठवायचंच नसल्यामुळे हिंदकळणं नाही आणि सुकणं नाही. आमची नळी 28 मिलिमीटरची आणि व्हॉल्व्ह 32 चा, म्हणून मध्ये अडॅप्टर लागला. व्हॉल्व्हवर पाण्याच्या दिशेचा बाण असतो, तो बघून बसवायचा आणि थोडा उतार द्यायचा. झोळ पडलेली नळी काढून आतून गुळगुळीत असलेली घातली. आणि टाकीच्या हवेची बारीक नळी चिखलाने बुजली होती, ती तारेने मोकळी केली. तीही महत्त्वाची. सिंकमधून पाच लिटर पाणी टाकीत गेलं की तेवढीच हवा बाहेर यायला हवी. तिची ठरलेली वाट बंद असेल, तर ती शॉवरच्या जाळीतून गुडगुड करत वर येते.

इथपर्यंत सामानाचं झालं. उरलेलं आमच्या जेवणाचं. मोटरहोमवाल्या इंग्रज कुटुंबांच्या टाकीत चहा, दूध, थोडा सॉस जातो. आमच्या टाकीत वरण, फोडणीचं तेल, तूप आणि भाताचं पाणी जात होतं. स्कॉटलंडच्या थंडीत तूप नळीतच गोठतं आणि मोहरी त्याला चिकटते. आई त्या ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांसाठी आली होती, आमच्याबरोबर लेक डिस्ट्रिक्टला आली, आणि दुसऱ्या दिवसापासून सिंकचा ताबा तिनेच घेतला. आमच्या कोकणातल्या घरी मोरीचं पाणी पन्हळीतून परसातल्या अळूला आणि केळीला जातं. म्हणून तिथे मोरीत काय जाऊ द्यायचं आणि काय नाही याची तिला सवय आहे. खरकटं आधी वेगळं. प्रत्येक ताट कागदाने पुसून मगच पाण्याखाली. कढईतलं तेल बरणीत. सिंकला बारीक जाळी, आणि त्यातली शितं कचऱ्यात. भाताचं पाणी ओतलेलं तिला दिसलं तेव्हा ती खरोखर दुखावली. "पेज कुणी मोरीत ओततं का गो?" तेव्हापासून सकाळी आम्ही पेज पितो, मीठ आणि चमचाभर तूप घालून. टाकीत आता जवळजवळ फक्त साबणाचं पाणी जातं.

ते पाणी कुठे सोडायचं याबद्दल मी फार हळवी झाले आहे. डोंगराळ भागात काही गाड्या रस्त्याकडेला थांबून टाकीचा नळ उघडतात आणि पुढे जातात. पावसाच्या पाण्याची गटारं बहुतेक ठिकाणी सरळ ओढ्यात किंवा समुद्रात जातात. अलापूलच्या त्या काठावर सील पाण्यातून डोकं वर काढून बघत असतो, आणि त्याच पाण्यात कुणाचं तरी खरकटं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. कॅम्पसाइटवर गाडी वरून नेता येईल अशी जाळी असते, तिथेच सोडायचं, आणि सोडल्यावर बादलीभर साधं पाणी मागून ओतायचं. शक्यतो रोज. दोन दिवसांपेक्षा जुनं पाणी आम्ही टाकीत राहू देत नाही.

परवा गाडी हिवाळ्यासाठी बंद केली. टाकी सोड्याने धुऊन पूर्ण रिकामी केली, खालचा नळ उघडा ठेवला म्हणजे उरलेलं पाणी गोठून टाकी फुटणार नाही, आणि वर दोन्ही बुचं लावली. आईने फोनवर विचारलं, "जाळीतली शितं काढलीस?" जाळी मी घरात आणून ठेवली आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीत.