रकाना कुठला?

न्यू जर्सीत सात नंबरच्या चॅनेलवर संध्याकाळी साडेसातला ‘व्हील ऑफ फॉर्च्यून’ लागतं. चाक फिरवायचं, एकेक अक्षर मागायचं आणि झाकलेले शब्द ओळखून पैसे जिंकायचे, असा खेळ. आई पहिल्यांदा आमच्याकडे एडिसनला आली ती १९९८ च्या उन्हाळ्यात, आणि दुसऱ्याच आठवड्यात तिने त्याचं बारसं करून टाकलं. “साडेसाती लागली का गं?” असं पोळपाटावरून विचारायची. लागली म्हटलं की गॅस बारीक करून, हाताला पीठ तसंच घेऊन बाहेर येऊन बसायची.

साताऱ्यात शाळेत मराठी शिकवून ती त्याच वर्षी निवृत्त झाली होती. इंग्रजी वाचता यायचं, पण अमेरिकन बोलणं कानाला लागत नव्हतं. बातम्या निम्म्या कळायच्या, विनोदी मालिकांत कुठे हसायचं ते मागच्या हशावरून. इथे मात्र अक्षरं होती. मोठी, पांढऱ्यावर काळी, एकेक करून उघडणारी. झगमगीत झग्यातली व्हॅना व्हाइट चौकटीला नुसतं बोट लावायची की अक्षर हजर. आदल्या वर्षापर्यंत ती या चौकटी हाताने वळवत असे. १९९७ मध्ये त्यांच्या जागी छोटे पडदे आले. हे सांगितल्यावर आई म्हणाली, “काम गेलं, नोकरी राहिली. नशीबवान आहे बाई.”

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, “ते खाली काय लिहून येतं?” मी म्हटलं, कॅटेगरी. उत्तर कशातलं आहे त्याची खूण. आज ‘थिंग’ आहे, म्हणजे वस्तू.

“हात्तिच्या, रकाना म्हण की!”

तेव्हापासून आमच्या घरात कॅटेगरी नाही, रकाना. तिच्या डोळ्यांपुढे अर्थातच नाव-गाव-फळ-फूल होतं. वहीचं पान उभं आखायचं, एकाने मनातल्या मनात मुळाक्षरं म्हणायची, दुसऱ्याने थांब म्हणायचं, आणि नेमकं ‘ण’ निघालं की भांडण. आईच्या लहानपणी चारच रकाने होते म्हणे. माझ्या वेळेपर्यंत प्राणी, वस्तू आणि सिनेमा येऊन बसले होते, आणि सिनेमाच्या रकान्यावरून माझ्या आजोबांनी एकदा वही फाडली होती. पानाची रुंदी तीच, रेघा मात्र जवळ जवळ सरकत गेल्या.

साडेसातीचंही तेच झालं. मर्व्ह ग्रिफिन नावाच्या टीव्हीवाल्याला लहानपणीचे लांबचे मोटारप्रवास आठवले. गाडीत तो आणि त्याची बहीण कागदावर हँगमन, म्हणजे एकेक अक्षर सांगून झाकलेला शब्द ओळखायचा खेळ, खेळायची. त्यावरून त्याने हा खेळ बेतला. १९७३ मध्ये ‘शॉपर्स बझार’ नावाने पहिला नमुना झाला, आणि ६ जानेवारी १९७५ ला एनबीसीवर, दिवसाच्या वेळी, चाक प्रत्यक्ष फिरू लागलं. रकाने मोजकेच होते. व्यक्ती, जागा, वस्तू, वाक्प्रचार, एखादं शीर्षक, असे. जग तेवढ्यात मावत होतं. व्यक्ती नसेल आणि जागा नसेल तर वस्तू, संपलं. त्या हिशेबात हत्तीही वस्तू आणि गोगलगाय पण वस्तूच. पुढे कधीतरी ‘लिव्हिंग थिंग’ हा वेगळा रकाना आला तेव्हा आई दुसऱ्यांदा आली होती. ती गंभीरपणे म्हणाली, “यांना उशिरा कळलं, पण कळलं.”

जागेचीही अशीच वाटणी झाली. आधी पॅरिसही ‘प्लेस’ आणि मागची ओसरीही ‘प्लेस’. मग ‘ऑन द मॅप’ आलं आणि नकाशावरची ठिकाणं तिकडे गेली. मला ही वाटणी फार आवडली. सातारा नकाशावर, पण आमचा सोपा नुसतीच जागा. पूर्वी ‘प्लेस’ म्हटलं की मी आधी शहरं आठवत बसायची, तोवर कुणीतरी ‘परसदार’ सांगून पैसे घेऊन जायचं.

आता खरं सांगायचं तर या रकान्यांनी मला बरीच वर्षं घराबाहेर उभं केलं होतं. मी आले १९९४ मध्ये. इंग्रजी उत्तम, निदान साताऱ्याच्या मानाने. व्यक्ती, जागा, वस्तू आलं की मी नवऱ्याच्या आधी सांगायची. पण गाण्याच्या ओळी, जाहिरातीची घोषवाक्यं, कुणी कुठल्या मालिकेत कुणाचं काम केलं, असले रकाने आले की जवळजवळ सगळी अक्षरं उघडी असूनही कळायचं नाही. एका अक्षराची चौकट रिकामी, बाकी वाक्य समोर लख्ख, आणि मी ठोंब्यासारखी बसलेली. त्या गाण्यांवर कुणी झोका घेतला असेल, ती घोषवाक्यं कुणी दात घासता घासता ऐकली असतील. माझे दात विको वज्रदंतीवर वाढलेले.

२००० नंतर मात्र रकाने हळूहळू घरात शिरले. ‘अराउंड द हाउस’, ‘इन द किचन’, ‘फूड अँड ड्रिंक’. भरीला ‘व्हॉट आर यू डूइंग?’ म्हणजे काय करताय? उत्तर कसलं, तर भांडी आवरणं, कुत्र्याला फिरवून आणणं, चष्मा शोधणं. ज्यांना जुना खेळ आवडायचा त्यांना हे पांचट वाटतं, आणि त्यांचं थोडं बरोबर आहे. पूर्वी उत्तर म्हणजे रूढ शब्द असायचा, सगळ्यांच्या तोंडचा. आता कुणीतरी टेबलाशी बसून ‘खमंग कुरकुरीत’ अशी दोन विशेषणं चिकटवून वस्तू लांबवलेली दिसते. बोर्डावर बावन्न चौकटी आहेत, त्या भरायच्या तर शब्द आणायचे कुठून? इतकी वर्षं रोज कोडी घालायची म्हणजे गंमत नाही. तरी मला स्वयंपाकघराचा रकाना प्रिय आहे, कारण तिथे आई जिंकायची. ‘कोलँडर’ हा शब्द ती या चाकावर शिकली. दुसऱ्या दिवशी इंडियन दुकानात मला रोवळीकडे बोट दाखवून म्हणाली, “घे, कोलँडर.”

‘काय करताय’ या रकान्याची एक मेख आहे. इंग्रजीत क्रियापद पुढे येतं, त्यामुळे पहिल्या शब्दाचं शेपूट बहुतेक वेळा ‘इंग’ हेच असणार, हे रकाना बघूनच कळतं. तीन अक्षरं फुकट. आईने लगेच मराठीचा हिशेब मांडला. आपलं क्रियापद शेवटी, म्हणून आपल्याकडे कोड्याचा शेवट ‘णे’. याच रकान्यात डिसेंबर २०२१ मध्ये एका बाईंची बक्षिसाची मोटार हुकली. उत्तर होतं ‘चूझिंग द राइट वर्ड’. त्यांनी ते बरोबर सांगितलं, पण शेवटच्या शब्दाआधी क्षणभर जास्त थांबल्या. नेमका शब्द निवडणे हे वाक्य म्हणताना नेमका शब्द सापडायला वेळ लागला म्हणून बक्षीस नाही! लोक चिडले. शेवटी आउडी कंपनीने आपण होऊन त्यांना गाडी दिली.

पण आईचा सगळ्यात लाडका रकाना ‘बिफोर अँड आफ्टर’. दोन शब्द मधल्या सामाईक तुकड्याने शिवायचे. व्हील ऑफ फॉर्च्यून आणि फॉर्च्यून कुकी मिळून व्हील ऑफ फॉर्च्यून कुकी. नियम समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली. समजल्यावर ती पाच मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, “पाणीपुरीभाजी.”

मग काय विचारता. मीठभाकरतुकडा. सासरवाडीवस्ती. पोळीभाजीपाला. देवघरजावई, हे तिने नवऱ्यासमोर काढलं आणि आमचे हे आठवडाभर तिच्याशी जपून बोलत होते. रात्री अकरा वाजता आमच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. मी घाबरून उठले. आई उभी, हातात पाठकोरा कागद. “चहापाणीपुरीभाजीपाला,” ती म्हणाली. “चार शब्द, तीन सांधे. तुझ्या त्या चाकवाल्यांना कळव.” इंग्रजी शब्द एकमेकांपासून फटी ठेवून उभे राहतात; आमचे सामासिक शब्द आधीच गळ्यात गळे घालून असतात. हा रकाना खरं तर आपल्याकडेच निघायचा, असं तिचं मत आहे आणि मला ते खोडता आलेलं नाही. ‘सेम नेम’ हा रकानाही तिने असाच ताब्यात घेतला. दिवाळीचा आणि नाटकाचा अंक. ‘ऱ्हाइम टाइम’मध्ये ‘बळी तो कान पिळी’ बसवलं. दोन्हींत तिला फारसं आव्हान वाटलं नाही.

एका गोष्टीवर मात्र ती कधीच राजी झाली नाही. स्वर विकत घेणे. एका स्वराला अडीचशे डॉलर, संध्याकाळच्या कार्यक्रमात हा दर आजतागायत तोच. “आपल्या बाराखडीत फुकट मिळतात,” ती म्हणायची. आणि आम्ही शाळेत सिनेमाची नावं ओळखायचा जो खेळ खेळायचो, चुकलं की ‘बॉलिवूड’चं इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षराने खोडायचं, नऊ चुका झाल्या की फाशी, त्यातही स्वरांच्या जागा आधीच दाखवून ठेवायचो. तिकडे तेच विकायला काढले. यावर तिने साडेसातीची मराठी आवृत्ती करायला घेतली, पाठकोऱ्या कागदांवर. नियम कडक. मात्रा, वेलांट्या, काने सगळे उघडे. जोडाक्षराला एकच चौकट. क मागितलं की कि, कु, के सगळ्यांनी यायचं.

इंग्रजीत शेवटच्या फेरीला १९८८ पासून आर, एस, टी, एल, एन, ई ही सहा अक्षरं आधीच मांडून देतात, कारण त्याआधी जो येईल तो हीच मागायचा. आईने विचार केला. च, ल, न, त, र, य. “चा-ची-चे, ला, ने, त. विभक्तीचे प्रत्ययच सगळे. उरलेली दोन माझ्या मर्जीने.” व्याकरण शिकवणाऱ्या बाईने खेळ केला तर असा होतो.

आता ती चौऱ्याऐंशी उलटून गेलीय, विमानप्रवास बंद. २०२४ च्या जूनमध्ये कार्यक्रमाचा सूत्रसंचालक पॅट सेजॅक निवृत्त झाला तेव्हा मी फोन केला. “किती वर्षं होता गं?” १९८१ च्या डिसेंबरपासून. “मग पेन्शन चांगली बसेल.” सप्टेंबरमध्ये त्याच्या जागी रायन सीक्रेस्ट आला, ते तिला सांगितलं, तिने नुसतं हूं म्हटलं. व्हॅना आहे का, एवढंच विचारलं. आहे.

आमचे साडेसात म्हणजे उन्हाळ्यात तिचे पहाटेचे पाच. तेव्हा ती उठलेलीच असते. मी फोन टीव्हीकडे धरते, तिला काही दिसत नाही, ती फक्त विचारते, “रकाना कुठला?” मी सांगते. मग ती तिचं कोडं पाठवते, कागदावर लिहून, फोटो काढून, अर्धा अंगठा त्यात.

मागच्या मंगळवारचं असं होतं. दोन शब्द. पहिला दोन अक्षरी, दुसरा तीन अक्षरी. दोन्हींच्या पहिल्या अक्षरांना काना दिलेला, अक्षरं झाकलेली. पहिला शब्द ट वर संपणारा, दुसरा णे वर. मी बघितलं आणि घशात काहीतरी आलं. एकही अक्षर न मागता लिहिलं, वाट पाहणे. शेवटी ते डोळे पुसणारं चित्रही टाकलं.

मिनिटभराने उत्तर आलं. “ताट वाढणे. वर स्वयंपाकघर लिहिलंय ढळढळीत. रकाना न वाचता पेपर सोडवायची खोड तुझी चौथीपासूनची.”