आज आमचा बेसबॉलचा सीझन संपला

हरभरा निघाला आन् दोस्ताचं वावर रिकामं झालं, तिथंच आमची लीग चालू झाली, आज शेवटची मॅच. खऱ्या ग्राउंडवर दोन बेसमधलं (पळताना पाय टेकवायच्या टप्प्यांमधलं)  अंतर ९० फूट असते, पण आमच्या इथं धुरा आडवा येते म्हणून ६० वरच टाकले, युरियाच्या चुंगड्यांत माती भरून.

शेवटची इनिंग, स्कोर बरोबरीत, एक आउट, आमचा गडी थर्ड बेसवर. बॅटरनं बॉल असा उंच उडवला का थेट धुऱ्यावरच्या बाभळीपाशी, आन् फील्डरनं पकडला बी. पण आमचा भाऊ चुंगडीवर पाय रोवून उभाच होता, बॉल हातात पडला का सुटला ना तो, फुफाटा उडवत सरळ होमवर, म्हणजे बॅटिंगच्या जागी, जिथं पोचलं का रन भेटते! बघायला आलेले काका ओरडले, "कॅच झाला ना बे, मंग हा काहून पळून राह्यला?" त्यांना सांगितलं का क्रिकेटसारखा इथं कॅचवर बॉल डेड नाही होत, कॅच झाल्यावर बेस सोडून पळता येते. मंग काकाच बाकीच्यांना समजावून सांगत बसले.

दिवसभर उन्हात राबून संध्याकाळी खेळायला येणाऱ्या या पोट्ट्यांचा मला लय अभिमान वाटते. आता वखरणी आहे, दिवाळीनंतर कोणाचं वावर मोकळं राहीन ते आत्ताच सांगून ठेवा भाऊ.